खुनी परत येतो, मग भीती का नाही येत? वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात स्लॅशर सिनेमांवर लिहिलं होतं, म्हणजे मुखवटा घातलेला खुनी, हातात सुरा आणि एकेक करून मरणारी पोरं, त्यावर जे प्रश्न आले त्यातले बहुतेक सिक्वेलबद्दलच आहेत. सगळे घेता येणार नाहीत, पण निवडक घेतलेत. उत्तरात शेवट फोडलेत, ज्यांना सिनेमे बघायचेत त्यांनी आधी बघून या.

प्रश्न (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, विश्रामबाग, सांगली): हॉस्टेलवर आम्ही 'फ्रायडे द थर्टीन्थ'चे भाग लागोपाठ बघितले. सगळे म्हणतात सिक्वेल म्हणजे पैसे काढायचा धंदा. मग मला दुसरा भाग पहिल्यापेक्षा जास्त का आवडला? माझंच काही चुकतंय का?

भावा, तुझं काही चुकत नाहीये. धंदा तर आहेच, ते आधी बघून घेऊ. १९७८ चा 'हॅलोविन' जॉन कार्पेंटरने साधारण सव्वातीन लाख डॉलरमध्ये केला आणि त्याने जगभरात ७ कोटी डॉलरच्या आसपास कमावले. ते बघून १९८० ला 'फ्रायडे द थर्टीन्थ' आला, खर्च साडेपाच लाखांच्या आसपास आणि एकट्या अमेरिकेत कमाई जवळजवळ ४ कोटी. असा हिशोब असल्यावर निर्माता थांबेल कशाला, पुढच्याच वर्षी दुसरा भाग आला आणि १९८९ पर्यंत तब्बल आठ भाग झाले.

पण एक गोष्ट लोक विसरतात. या मालिकेचा खुनी म्हणून सगळ्यांना माहीत असलेला जेसन पहिल्या भागात खुनी नाहीच! खून त्याची आई करते, पामेला वूर्हीस, कारण तिचं पोरगं कॅम्पच्या तळ्यात बुडालं आणि लक्ष ठेवायला कुणी नव्हतं, आणि शेवटी तिचंच मुंडकं उडतं. म्हणजे दुसरा भाग करणाऱ्यांच्या हातात खुनीच शिल्लक नव्हता. मग त्यांनी बुडालेलं पोरगं मोठं करून आणलं, डोक्यावर फडकं गुंडाळलेलं. तो प्रसिद्ध हॉकीचा मुखवटा तर तिसऱ्या भागात येतो, १९८२ ला. आज जगाला जो जेसन माहितीय तो सगळा सिक्वेलनीच घडवलाय, त्यामुळे सिक्वेल म्हणजे पहिल्याची पातळ कॉपी हे या मालिकेला तरी लागू होत नाही.

आणि तुला दुसरा का आवडला त्याचं कारण माझ्या मते त्यातली नायिका गिनी आहे. ती पोरगी बालमानसशास्त्र शिकतेय, बारमध्ये बसून सगळे जेसनच्या कथेवर हसत असतात तेव्हा ती एकटीच म्हणते की असं पोरगं खरंच असेल तर आईला डोळ्यादेखत मरताना बघून त्याचं काय झालं असेल. शेवटी ती पळत पळत जेसनच्या झोपडीत शिरते, तिथं आईचं कापलेलं डोकं मेणबत्त्यांच्या मधे ठेवलेलं, आणि शेजारी तिचा स्वेटर. गिनी तो स्वेटर अंगात चढवते, केस मागं घेते आणि आईच्या आवाजात त्याला हुकूम सोडते. आणि तो थांबतो! हातातलं हत्यार खाली येतं. काही क्षण तो राक्षस नसतो, लहान पोरगं असतं, आणि आपण श्वास धरून बसतो कारण ही युक्ती किती टिकणार ते माहीत नसतं. पळणारी मुलगी नुसती किंचाळत नाही, डोकं चालवते. मला विचारशील तर सिक्वेल जगतो तो इथं. खुनी पोस्टरवर असतो पण भीती वाटते ती पळणाऱ्या माणसासाठी, ते माणूस जीव लावण्यासारखं नसेल तर मग नुसती प्रेतं मोजायची राहतात.

प्रश्न (बी.ए.ची विद्यार्थिनी, सातारा): 'हॅलोविन'चा तिसरा भाग मला खूप वेगळा आणि चांगला वाटला, पण तो आपटला म्हणतात. चांगला असून का आपटला?

अगं, मलाही तो आवडतो. कार्पेंटर आणि त्याची सहलेखिका-निर्माती डेब्रा हिल यांना मायकल मायर्सला, म्हणजे 'हॅलोविन'च्या मुखवटेवाल्या खुन्याला, दुसऱ्या भागातच संपवायचं होतं, आणि पुढं दरवेळी हॅलोविनच्या रात्रीची वेगळीच गोष्ट सांगायची अशी कल्पना होती. म्हणून १९८२ च्या तिसऱ्या भागात मायकल नाहीच, तिथं मुखवटे बनवणारी एक कंपनी आहे आणि टीव्हीवर तिची जाहिरात लागली की मुखवटा घातलेली लहान पोरं मरतात. कल्पना भयानक आहे, आणि मायकल दिसतो तो फक्त पहिला सिनेमा त्यातल्या टीव्हीवर लागतो तेव्हा.

आता प्रेक्षकाच्या जागी बस. आपल्याकडं जत्रेतल्या कुस्त्यांच्या पोस्टरवर नामांकित पैलवानाचा फोटो छापला आणि फडात भलतीच जोड लावली, तर ती जोड कितीही काटा लढू दे, लोक पैलवान कुठाय म्हणूनच ओरडणार. तसंच झालं. दुसऱ्या भागाने अडीच कोटी डॉलर कमावले होते, तिसरा दीड कोटीच्या आतच राहिला. चौथा भाग यायला १९८८ उजाडलं आणि त्याच्या नावातच लिहून टाकलं की मायकल मायर्स परत आलाय, म्हणजे निर्मात्यांनी किती धसका घेतला असेल बघ. हीच कल्पना त्यांनी दुसऱ्याच भागात केली असती तर लोकांना सवय लागली असती असं मला वाटतं, दोनदा मायकल दाखवून तिसऱ्यांदा तो काढला तिथं गणित फिसकटलं. 'फ्रायडे'च्या पाचव्या भागातही असंच, शेवटी मुखवट्याखाली जेसन नाही दुसराच कुणीतरी निघतो, चाहते भडकले, आणि सहाव्यात थडग्यावर वीज पाडून खरा जेसन उठवावा लागला.

प्रश्न (निवृत्त शिक्षक, तासगाव): खुन्याचं बालपण, त्याचं घराणं, त्याला मिळालेला शाप, हे सगळं दर भागात वाढत जातं. एवढं स्पष्टीकरण लागतंच का?

सर, तुम्ही नेमक्या दुखण्यावर बोट ठेवलंत. नाही लागत. लागत नाही एवढंच नाही, तर बऱ्याच मालिका त्यानेच मेल्यात.

पहिल्या 'हॅलोविन'मधला एक प्रसंग आठवा. भर दुपार आहे, नायिका लॉरी आपल्या खोलीच्या खिडकीतून खाली बघते, शेजारच्या अंगणात दोरीवर चादरी वाळत घातल्यात आणि त्या चादरींच्या मधे तो पांढऱ्या मुखवट्याचा माणूस नुसता उभा आहे. हातात काही नाही, पळत नाही, काही बोलत नाही. ती परत बघते तर चादरी हलतायत आणि तिथं कुणी नाही. यात रक्ताचा थेंब नाही, तरी अंगावर काटा येतो कारण तो हिच्याच मागे का लागला ते कुणालाच सांगता येत नाही. ती त्याच्या जुन्या घरापाशी गेली, त्याच्या नजरेला पडली, बस्स. म्हणजे मग तो कुणाच्याही मागे लागू शकतो, तुमच्या गल्लीतल्या पोरीच्यासुद्धा.

१९८१ च्या दुसऱ्या भागात सांगून टाकलं की लॉरी मायकलची सख्खी बहीण आहे. झालं, सगळी भीती एका घरापुरती आक्रसली. आपण त्या घरातले नाही ना, मग आपण सुटलो! पुढं भाचीच्या मागे लागला, मग सहाव्या भागात १९९५ ला कसला तरी जुना पंथ आणि शाप आणला, तिथवर येईपर्यंत मायकल म्हणजे कुणाचा तरी नोकर वाटायला लागतो. २०१८ ला डेव्हिड गॉर्डन ग्रीनने काय केलं तर पहिला सिनेमा ठेवला आणि मधलं सगळं नाहीच असं धरलं, त्यात लॉरीची नात सरळ सांगते की भाऊ-बहीण वगैरे लोकांनी उठवलेल्या गोष्टी आहेत. तो सिनेमा साधारण १ कोटी डॉलरमध्ये झाला आणि जगभरात २५ कोटींच्या वर गेला. लोक परत आले ते जेमी ली कर्टिसची लॉरी बघायला, चाळीस वर्षं त्या एका रात्रीची भीती अंगात घेऊन जगलेली बाई, घराला कुलपं, तळघरात बंदुका, पोरीशी संबंध तुटलेले. स्पष्टीकरण द्यायचंच असेल तर ते असं द्यावं, तो का मारतो याचं नको, वाचलेल्या माणसाचं पुढं काय झालं याचं द्या. आणि मग त्याच मंडळींनी २०२१ च्या भागात तिला जवळपास सगळा वेळ हॉस्पिटलच्या खाटेवर झोपवून ठेवलं आणि २०२२ च्या शेवटच्या भागात अर्ध्याहून जास्त गोष्ट एका नव्याच पोराला दिली, याचं मला अजून वाईट वाटतं. इतकं चांगलं माणूस हातात असताना!

प्रश्न (नर्स, मिरज): नाइट ड्युटी असते, झोप उडवायला असले सिनेमे बघते. 'नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट'चा तिसरा भाग सगळ्यात भारी असं का म्हणतात?

ताई, तो भाग तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळेल, कारण तो वॉर्डातच घडतो.

वेस क्रेव्हनच्या १९८४ च्या पहिल्या भागाचा नियम एका ओळीचा आहे: झोपलात की फ्रेडी, म्हणजे स्वप्नात येऊन मारणारा खुनी, येतो. झोप न टाळता येणारी गोष्ट, त्यामुळे सुटका नाही. दुसऱ्या भागात, १९८५ ला, हा नियमच सोडला. फ्रेडी एका पोराच्या अंगात शिरतो आणि जागेपणी, स्विमिंग पूलच्या पार्टीत, पळणाऱ्या पोरांच्या घोळक्यात उतरतो. तिथं तो नुसता चाकूवाला माणूस झाला, दारातून पळून गेलं की संपलं. (त्या भागावर प्रेम करणारे लोक आहेत, त्यांची कारणंही वेगळी आणि चांगली आहेत, पण भीतीचं म्हणाल तर तो घसरला.) तरीही त्याने पहिल्यापेक्षा जास्त कमाई केली, कारण सिक्वेलची पहिल्या आठवड्याची गर्दी ही आधीच्या भागाची पुण्याई असते. या भागाने काय कमावलं किंवा घालवलं ते पुढच्या भागाला कळतं.

मग १९८७ ला तिसरा आला. मानसोपचाराच्या वॉर्डात काही पोरं आहेत, झोपायला घाबरतात, डॉक्टर म्हणतात यांना झोपेचं औषध द्या, आणि औषध दिलं की ती मरणार हे फक्त आपल्याला आणि त्या पोरांना माहीत. तुम्ही रोज पेशंटला झोपवायचं काम करता, तुम्हाला यातला पेच लगेच कळेल. एक मुलगा कळसूत्री बाहुल्या बनवतो, फ्रेडी त्याच्याच हातापायाच्या शिरा ओढून बाहेर काढतो आणि त्या दोऱ्यांसारख्या धरून त्याला बाहुलीसारखा चालवत नेतो, लांबून बघणाऱ्यांना वाटतं पोरगं झोपेत चालतंय. नियम तोच, झोप. पण प्रत्येक पोराची झोप वेगळी, प्रत्येकाचं मरण त्याच्याच आवडीतून येणारं, आणि स्वप्नात त्यांनाही स्वतःची ताकद मिळते. वर पहिल्या भागातली नॅन्सी परत येते, या वेळी मदत करणारी म्हणून, तिच्यावर कुणीतरी विश्वास ठेवायला हवा होता आणि आता ती या पोरांवर विश्वास ठेवते. नियम जुना, माणसं नवी आणि खरी, असं जमून आलं.

चौथ्याने कमाई आणखी वाढवली पण तोवर फ्रेडी मारताना विनोद मारायला लागला होता, पोरं त्याच्या डायलॉगवर टाळ्या वाजवायला लागली, आणि ज्याला टाळ्या पडतात त्याची भीती कशी वाटणार. पाचवा धाडकन खाली आला.

प्रश्न (वाचक, कराड): जेसनला न्यूयॉर्कला आणि नंतर अंतराळात नेला, ते कशासाठी?

कल्पना संपल्या की जागा बदलतात. न्यूयॉर्कच्या भागात तर मोठा वेळ बोटीवरच जातो, शहर शेवटी थोडंसं. जागा बदलून काही बिघडत नाही पण त्या जागेची म्हणून एखादी नवी भीती असली पाहिजे, ती तिथं नव्हती.

प्रश्न (दुकानदार, वाई): 'झपाटलेला' लहानपणी गणपतीत पडद्यावर बघितला, रात्रभर झोप नाही लागली. 'झपाटलेला २' थ्रीडीमध्ये बघितला तर तसं काही झालं नाही. मी मोठा झालो म्हणून, की सिनेमाच तसा?

दोन्ही असेल, पण दुसऱ्या कारणावर बोलू. महेश कोठारेंचा १९९३ चा 'झपाटलेला' आणि अमेरिकेतला १९८८ चा 'चाइल्ड्स प्ले' यांचा सांगाडा एकच, मरता मरता गुंडाचा आत्मा मंत्राने बाहुल्यात जातो आणि त्याला परत माणसाचं शरीर हवं असतं. पण आपल्या सिनेमात ते शरीर कुणाचं, तर लक्ष्याचं! लक्ष्मीकांत बेर्डेंचा तो भोळा, आईचा लाडका, शब्दभ्रमाचे खेळ करणारा लक्ष्या, तो जीव तोडून सांगतोय की बाहुला बोलतो, आणि बोलक्या बाहुल्यांचे खेळ करणाऱ्या माणसावर कोण विश्वास ठेवणार? आपण हसतो आणि त्याच वेळी पोटात गोळा येतो. रामदास पाध्येंचा बाहुला आणि दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू यांचं श्रेय मोठंच आहे, पण रात्री झोप उडाली ती लक्ष्याच्या काळजीने.

२००४ ला बेर्डे गेले. २०१३ च्या दुसऱ्या भागात गोष्ट लक्ष्याच्या मुलावर आली, आदिनाथ कोठारेने ती भूमिका केली. तात्या विंचू तोच, मंत्र तोच, थ्रीडीही चांगलं होतं, बाहुला अंगावर येतो तेव्हा थिएटरात पोरं ओरडत होती. पण मधे वीस वर्षं गेली आणि ज्याच्यासाठी जीव खालीवर व्हायचा तो माणूस पडद्यावर नव्हता. ती जागा कुणालाच भरता आली नसती, त्यात नव्या पोराचा काय दोष. तरी मला वाटतं लक्ष्याच्या नसण्याचं दुःख गोष्टीत जरा जास्त वेळ राहू द्यायला हवं होतं, बाप गेलेला मुलगा आणि बापाच्या जिवावर उठलेला बाहुला समोरासमोर, यात भीतीही होती आणि रडूही होतं.

प्रश्न (बँकेत नोकरी, सातारा): 'स्क्रीम'मध्ये दर भागात खुनी वेगळा, मुखवटा तोच. मग ती मालिका इतकी वर्षं कशी टिकली?

वेगळा आहे म्हणूनच टिकली. बाकी मालिकांत मुखवट्यामागे कोण ते माहीत असतं, इथं दरवेळी ओळखीचाच कुणीतरी निघतो, त्यामुळे प्रेक्षक शेवटपर्यंत सगळ्यांकडं संशयाने बघतो. आणि सिडनी प्रेस्कॉट आहे, नेव्ह कॅम्पबेलने केलेली, जिचं वय आणि दुःख भागागणिक वाढतं.

पहिला डिसेंबर १९९६ ला आला, दुसरा पुढच्याच डिसेंबरला, एवढ्या घाईत केलेला सिक्वेल खरं तर पडायला हवा होता, त्यात स्क्रिप्ट इंटरनेटवर फुटली म्हणून शूटिंग चालू असताना पानं बदलावी लागली. पण सुरुवातच बघा. पहिल्या भागातल्या खुनांवर एक सिनेमा निघालाय आणि त्याचा खास खेळ चाललाय, थिएटरने फुकट मुखवटे वाटलेत, सगळं पब्लिक मुखवटा घालून, खोटे सुरे नाचवत आरडाओरडा करतंय. त्या गर्दीत एका मुलीला खरंच भोसकलं जातं. ती रक्तबंबाळ होऊन पडद्यासमोरच्या स्टेजवर चढते, लोकांना वाटतं हा पब्लिसिटीचा भाग आहे आणि ते ओरडून दाद देतात, आणि मग हळूहळू थिएटर गप्प होतं. असला सिनेमा आपण मजा म्हणून बघतो तेव्हा नक्की काय बघतो, हा प्रश्न त्याने भाषण न ठोकता विचारला. पुढं त्याच भागात सगळ्यांचा लाडका रँडी, सिनेमाचे नियम सांगणारा, भरदिवसा मारला जातो, आणि मग कुणीच सुरक्षित वाटत नाही.

तिसऱ्यात मात्र एक सावत्र भाऊ काढला आणि पहिल्या भागातलं सगळं त्यानेच घडवून आणलं होतं असं सांगितलं, म्हणजे परत तासगावच्या सरांनी विचारलेलंच दुखणं.

प्रश्न (नाटकवाला ग्रुप, सांगली): आम्ही मोबाइलवर एक स्लॅशर शॉर्टफिल्म केली, उसाच्या फडात. गावात चांगली चालली. आता दुसरा भाग करायचाय, पैसे फार नाहीत. रक्त वाढवू का?

रक्त वाढवायला हरकत नाही पण आधी माणूस वाढवा. ताजं उदाहरण घ्या, 'टेरिफायर'. डेमियन लिओनीच्या पहिल्या भागात जोकरच्या वेशातला खुनी लक्षात राहिला पण मरणारी माणसं कुणाच्या लक्षात राहिली नाहीत, ही तक्रार सगळीकडं झाली. २०२२ च्या दुसऱ्या भागात त्याने सिएना नावाची मुलगी आणली, वडील गेलेले, भावाला सांभाळणारी, स्वतःच्या हाताने लढाऊ पोशाख शिवत बसलेली. अडीच लाख डॉलरचा सिनेमा, त्यात लोकवर्गणीचा पैसा, लांबी सव्वादोन तासांच्या वर, आणि कमाई दीड कोटींच्या आसपास गेली. २०२४ च्या तिसऱ्याने तर २० लाखांच्या खर्चात ९ कोटींच्या आसपास मजल मारली. रक्त पहिल्यातही होतं, तेव्हा असं झालं नव्हतं.

पैशाचं टेन्शन घेऊ नका. मायकल मायर्सचा मुखवटा म्हणजे दुकानातून आणलेला 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा रबरी मुखवटा, पांढरा रंगवून केस बदललेला. तुमच्याकडं फड आहे, तो कुठल्याही हॉलिवूडवाल्याकडं नाही. पहिल्या भागात उभा ऊस होता, डोक्याच्या वर, दोन हातांवरचं दिसत नाही, पाल्याची सळसळ वाऱ्याची की माणसाची कळत नाही, ती तुमची भीती. दुसरा भाग त्याच रानात तोड झाल्यावर करा. खोडवा, म्हणजे तोडीनंतर परत फुटलेला ऊस, गुडघ्याएवढा आलाय, सगळं उघडं पडलंय, लपायला जागा नाही, ना पोरीला ना खुन्याला. तो लांब बांधावर दिवसाउजेडी उभा दिसतोय आणि तिला माहितीय की मधे आडोसा काहीच नाही. त्याच जागेत नवी भीती, खर्च शून्य.

पहिल्या भागात वाचलेली पोरगीच परत घ्या, दुसरी आणू नका. ती परत त्या रानात का जाते याचं कारण आधी कागदावर लिहा आणि ते खरं असू द्या, वाट्याने केलेलं रान असेल, बापाचं कर्ज असेल, टोळीबरोबर आलेली असेल, काहीही, पण आपण म्हटलं पाहिजे की हिच्या जागी मीपण गेलो असतो. खुन्याचं बालपण अजिबात दाखवू नका. आणि आवाज जागेवर रेकॉर्ड करा, वाळलेल्या पाचटावरून चालण्याचा आवाज स्टुडिओत कधीच तसा येत नाही, मोबाइलला वेगळा माइक जोडला तरी भागेल.

लोकेशन बघायला रात्री जाणार असाल तर रानाच्या मालकाला सोबत घ्या आणि घोळक्याने जा, आपल्याकडं शिराळा-कराड पट्ट्यात उसात बिबट्या खरंच असतो. स्क्रिप्ट झाली की पाठवा, वाचून सविस्तर कळवतो.